गृहव्यवस्था : विजेचा जमाखर्च

“गांवाबाहेरील बागेंत घर बांधीत आहों, तेथें विजेचा खांब नाहीं. सूर्यापासून वीज घ्यावयाची, तर किती पॅनेलें बसवावींत?” असें एका वाचकभगिनींनीं विचारिलें आहे. प्रश्न योग्य, परंतु त्याचा आरंभ शेवटाकडून झाला आहे. घरांत खाणारीं माणसें किती, हें न पाहतां कोणी कणगी विकत आणीत नाहीं. विजेचेंही तसेंच आहे.

हें शहाणपण आम्हांस फुकट लाभलेलें नाहीं. आमच्या कोंकणांतील घरीं थोरल्या बंधूंनीं मोठ्या हौसेनें पॅनेलें व बॅटऱ्या आणविल्या. विकणाऱ्यानें छप्पर मोजलें. घरांतील वापर मात्र कोणीच मोजला नाहीं. पहिला उन्हाळा सुखाचा गेला. पुढें आषाढांत आठ दिवस सूर्यदर्शन नव्हतें, आणि एके मध्यरात्रीं मातोश्रींस धाप लागली. नेब्युलायझर लावावें, तों वीज संपलेली! बंधूंनीं भर पावसांत त्यांना गाडीनें तालुक्याच्या गांवीं नेलें, म्हणून वेळ टळली. रोज तळाशीं जाणाऱ्या त्या बॅटऱ्याही त्या पावसाळ्यानंतर निकामी झाल्या.

मग वहिनींनीं वही घातली. कोणतें उपकरण किती तास चालतें, हें पंधरा दिवस टिपलें. गणित सोपें आहे : वॉटला तासांनीं गुणावें, हजार भरले कीं एक युनिट. नऊ वॉटचे आठ दिवे पांच तास, म्हणजे ३६०. पंचाहत्तर वॉटचे चार जुने पंखे आठ तास, म्हणजे २४००. फ्रिजचे सुमारें १००० आणि किरकोळ १८०. एकूण जवळजवळ चार युनिटें! पंखे बदलून तीस वॉटचे घेतांच हीच बेरीज अडीचवर आली. वांचविलेली वीज ही सर्वांत स्वस्त वीज होय. पाणी तापविणें व इस्त्री हीं कामें बॅटरीस सांगूं नयेत. त्यांस बंब व कोळसा बरा. विहिरीचा पंप भर दुपारीं चालवावा.

आतां साठा. शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक वीज काढल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १.८ युनिटें मावतात. हाताशीं येतें जेमतेम ०.९. दोन दिवसांचीं पांच युनिटें आणि इन्व्हर्टरमधील घट धरतां अशा आठ बॅटऱ्या लागतील. लिथियमच्या बॅटरींतून अधिक भाग वापरतां येतो. किंमतही अधिक पडते.

पॅनेलांचा विचार सर्वांत शेवटीं. आपल्याकडे दिवसाकाठीं पूर्ण तेजाचे सुमारें पांच तास धरतात. पावसाळ्यांत ते निम्म्यावर येतात. म्हणून हिशेब चैत्राचा नव्हे, आषाढाचा करावा. वाटेंतील घट मिळवून अडीच युनिटांस सुमारें दीड किलोवॉटचीं पॅनेलें लागतील. तीं दक्षिणाभिमुख असावींत. माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनेलावर पडली, तरी सबंध ओळ मंदावूं शकते, हें ध्यानांत ठेवावें. फ्यूज व अर्थिंग यांचें काम जाणत्या कारागिराकडूनच करवावें.

सारांश, भगिनींनीं आधीं वही घालावी, आणि ती घरांतील सर्वांसमक्ष वाचावी. कारण वीज खर्च करणारे हात अनेक असतात, आणि साठा एकच. आमच्या घरीं आतां मातोश्रींच्या यंत्रासाठीं एक लहान बॅटरी निराळी ठेविली आहे. मुलांना तिच्यावर मोबाइल लावण्याचीसुद्धां मुभा नाहीं. गेल्या आषाढांत पुन्हां एकदां रात्रीं धाप लागली. यंत्र लागलीच सुरूं झालें, आणि घरांतील कित्येकांना तें सकाळींच कळलें.