पुढच्या भागात कोणाचा नंबर?

अकोल्याजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक आटोपली होती. सतरंजी झटकता झटकता एकीने विचारलं, "ताई, 'देवमाणूस'चा आनखी भाग येनार हाय का व?" हप्त्यांच्या हिशेबावर तासभर गप्प बसलेल्या बाया एकदम बोलत्या झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "मले त्याले फाशी झालेली पाह्याची हाय. तीन खेपा वाट पाह्यली."

आपल्या कार्यकर्त्या मैत्रिणी अशा वेळी कपाळावर हात मारतात. "बाया कसल्या फालतू मालिका बघतात!" मी मारणार नाही. मीही ही मालिका बघितली आहे. त्यातली पोलीस अधिकारी दिव्या सिंग झालेली नेहा खान आमच्या अमरावतीची. आता आपली पोरगी त्याला धरणार, असं आमच्या गल्लीत किती अभिमानाने बोललं जाई! शिवाय बायकांनी ही मालिका का पाहू नये? गोड बोलणारा, औषध देणारा, गाव ज्याला देव म्हणतं असा माणूस त्यांना परका नाही. त्याच्याबद्दल मनात आलेली शंका घरात बोलून दाखवण्याची सोय नसते. ती पडद्यावर खरी ठरताना बघावीशी वाटणारच.

माझं भांडण बायकांशी नाही, त्यांच्या वाट पाहण्याचा धंदा करणाऱ्यांशी आहे. झी मराठीवर रात्री साडेदहाला आधी 'रात्रीस खेळ चाले' होती. २०१६, २०१९ आणि २०२१ अशी तिची तीन पर्वं आली. दुसरं संपताच, ऑगस्ट २०२० अखेर, त्या वेळेला 'देवमाणूस' आली. ती ऑगस्ट २०२१ मध्ये संपली आणि चार महिन्यांत दुसरा भाग हजर. जून २०२५ मध्ये तिसरा, 'मधला अध्याय'. म्हातारीला हवी असलेली फाशी येईल कशी? ती आली की दुकान बंद! खुन्याला मरायची परवानगी नाही. मरायचं ते बायकांनी. दर भागाला नव्या बाया लागतात: कोणी एकटी, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी चार पैसे गाठीला असलेली. ती विश्वास ठेवते, दागिने देते, मरते. मग तिचं काम संपलं. तिच्या घरचे पुढे काय करतात हे दाखवायला कोणाला वेळ नाही. आणि आपली शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणते, "पन एकटी बाई त्याच्याकडं कायले गेली थे?" हे वाक्य मी समुपदेशन केंद्रात रोज ऐकते. त्याविरुद्ध आम्ही दिवसभर बोलायचं आणि रात्री साडेदहाला मालिकेने ते पुन्हा शिकवायचं.

स्त्रियांचं अशोभनीय चित्रण रोखणारा कायदा १९८६ सालचा आहे. त्याचं लक्ष बाईच्या अंगावरच्या कपड्यांकडे. बाई नुसती मरण्यापुरती कथेत आणली, तर ते अशोभनीय कोणत्या कलमाखाली बसवायचं?

ही कथा ज्यावरून सुचली असं सर्रास बोललं गेलं, ते सातारा जिल्ह्यातल्या वाईचं प्रकरण ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलं. २००३ पासून सहा खून केल्याची कबुली आरोपीने दिली, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. सहांपैकी पाच बायका. त्याचं नाव इथे लिहीत नाही, ते सर्वांना पाठ आहे. पण शेवटी मारली गेलेली बाई अंगणवाडी सेविकांची पुढारी होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मानधनासाठी मोर्चे काढणारी, आपल्यातलीच बाई. तिच्यावर कोणी भाग काढला?

खरं रहस्य त्याने कसं मारलं हे नाहीच. तेरा वर्षं एकामागून एक माणसं नाहीशी होतात आणि कोणी धागा जोडत नाही, हे कसं घडतं? त्याचं उत्तर आम्हाला वऱ्हाडातही मिळतं. एका बाईची धाकटी बहीण गेली तेव्हा मी तिच्यासोबत ठाण्यात गेले होते. पहिला प्रश्न: "कोणासोबत होतं का तिचं?" दुसरा: "चार दिवस वाट पाहा, येईल." अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. मोठ्या बाईची मात्र नुसती 'मिसिंग' म्हणून नोंद होते आणि कागद फायलीत जातो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० प्रौढ स्त्रिया आणि १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. यातल्या कित्येक परत येतात. काही आपल्या मर्जीने जातात. तो त्यांचा हक्क आहे, आणि सापडल्यावर त्यांना मारून-मुटकून घरी आणण्याच्या मी विरोधात आहे. पण 'गेली असेल कोणासोबत' हे न शोधण्याचं कारण होऊ शकत नाही.

म्हणून मी त्या दिवशी बायांना म्हटलं, पुढचा भाग हवा तर मागू या, पण आपल्या अटींवर. पहिल्याच दिवशी बाई हरवते. मग तिची बहीण, तिच्या गटातल्या बाया, सोबतची नर्स शोधायला निघतात. ठाण्यातली टाळाटाळ, फाटका फोटो घेऊन एसटी स्टँडवर घातलेल्या खेपा, घरात पडणारे टोमणे, यातच शंभर भागांचं रहस्य आहे. खुनी दिसला नाही तरी चालेल. चॅनेलला पोस्टकार्डं टाकायचं ठरलं. मजकूर बायांनीच सांगितला, मी फक्त लिहून घेतला.

सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे झाल्यावर म्हातारीने कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बहीण शोधाले निंगते अशी सिरेल आली त मी रोज पाह्यतो," ती म्हणाली. "पन नऊले लावजा म्हनाव. साडेदहाले मले झोप येते."