पहिलं बोन्साय वडाचंच हवं

वसई-विरारमधल्या नर्सरीत जाऊन ‘बोन्सायसाठी काहीतरी दाखवा’ म्हटलं, की बऱ्याचदा पुढ्यात येतं ते जुनिपरचं रोप. खवल्यांसारखी बारीक पानं, आडव्या पसरलेल्या फांद्या, जपानी चित्राशी तंतोतंत जुळणारं रूप. पाहताक्षणी मोह व्हावा असंच ते असतं. तरीही माझं म्हणणं स्पष्ट आहे: आपल्या किनारपट्टीवर बोन्सायचा श्रीगणेशा जुनिपरवर करू नये, वडाच्या कुळातल्या झाडावर करावा.

जुनिपर मुळात थंडीचं झाड. हिमालयात ते उंचावर वाढतं. लडाखच्या मठांत त्याच्या पानांचा धूप जाळतात. हिवाळ्यातली विश्रांती त्याला लागतेच. आपल्याकडे ती मिळत नाही. शिवाय पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कुंडीतली माती सुकायला वावच मिळत नाही आणि मुळं कुजतात. त्यातही वाईट म्हणजे मुळं मेल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. पिवळेपणा दिसू लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आणखी एक अडचण: फांदीवरची सगळी हिरवी पालवी छाटली, तर त्या उघड्या लाकडातून सहसा नवा फुटवा येत नाही, फांदी जाते. शिकाऊ हाताला इतकं कडक झाड झेपत नाही.

जुनिपर आधीच घरी आणलं असेल तर ते दिवाणखान्यात ठेवू नका. भरपूर ऊन आणि वारा मिळेल अशा उघड्या जागी ठेवा, संततधारेत आडोशाला घ्या, आणि एकाच हंगामात जोरदार छाटणी व माती बदलणं अशी दोन्ही कामं करू नका. पहिलं वर्षभर ते नुसतं जगवलंत तरी खूप शिकाल.

जपानमधल्या ओमियाची हकिगत इथे सांगण्यासारखी आहे. १९२३च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं. तिथले बोन्साय करणारे बागवान मोकळी जागा, चांगलं पाणी आणि स्वच्छ हवा शोधत बाहेर पडले आणि १९२५मध्ये ओमियाला त्यांनी बोन्सायचं गाव वसवलं. झाडाला मानवेल तिथे माणसं गेली. आपल्याला वसई सोडून जायचं नाही. तेव्हा वसईला मानवेल ते झाड आपण निवडायचं.

ते कोणतं, हे वसईच्या किल्ल्यात दिसतं. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये जिंकलेल्या या किल्ल्याच्या भिंतींवर वड-पिंपळांनी ठाण मांडलं आहे. चिऱ्यांच्या फटीतून उतरणारी मुळं, पसाभर मातीवर उभं राहिलेलं खोड! बोन्सायकार वर्षानुवर्षं खपून जे साधू पाहतो, ते इथे आपसूक घडलेलं आहे. ते डोळे भरून पाहा. मात्र तिथलं रोप उपटू नका, ते संरक्षित स्मारक आहे. इमारतीच्या गच्चीवर, सांडपाण्याच्या पाइपाशी उगवलेलं वडाचं रोप सोसायटी काढून टाकणारच असते, ते मागून घ्या. वडाचं पान मोठं, त्यामुळे झाडही थोडं मोठं ठेवावं लागतं. छोटं हवं असेल तर बारीक पानांचा नांदरुक घ्या. नर्सरीत तो ‘फायकस’ म्हणून मिळतो.

रोप निवडताना शेंडा पाहू नका, बुंधा पाहा. वरची माती बोटाने सारून मुळं चारी बाजूंना पसरली आहेत का, खोड खाली जाड होत वर निमुळतं गेलं आहे का, हे तपासा. माती म्हणून विटांचे बारीक तुकडे, बारीक खडी आणि चांगलं कुजलेलं शेणखत वापरा. सगळं चाळून धूळ फेकून द्या, म्हणजे पाणी तुंबत नाही. तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्या. पावसाळ्यात वड झपाट्याने वाढतो आणि तार सालीत रुतते, म्हणून दर आठवड्याला पाहत राहा.

बदल्यात हे झाड भरभरून देतं. छाटल्या जागी दोन-तीन फुटवे येतात. श्रावणातल्या दमट हवेत माझ्या गॅलरीतल्या वडाच्या फांद्यांवर पारंब्यांची टोकं फुटतात, दोऱ्याइतकी बारीक आणि फिकट पिवळी. कोरड्या हवेच्या गावांत पारंब्यांसाठी मुद्दाम ओलावा धरून ठेवावा लागतो. आपल्याला तो फुकट मिळतो.

बोन्साय म्हणजे झाडाचे हाल, असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात. त्यांची कळकळ खरी आहे. पण उपाशी ठेवलेलं झाड बोन्साय होत नाही, ते मरतं. बोन्सायला खत, ऊन, पाणी वेळच्या वेळी लागतं, आणि दर थोड्या वर्षांनी मुळं छाटून नवी माती द्यावी लागते.

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. जून महिना वडाची फांदी रुजवायला उत्तम. यंदा फांदी आणलीत तर पूजा झाल्यावर तिची बहुतेक पानं काढा आणि ती कुंडीत रोवा. रुजली, तर पुढच्या वटपौर्णिमेला फांदी विकत आणायची गरज पडणार नाही.