विकायची तारीख आधी ठरवा

शेअर बाजारातला पैसा कधी काढायचा आणि ठेवीत कधी टाकायचा, हे बाजाराला विचारू नये, कॅलेंडरला विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. विवरणपत्रं भरायच्या दिवसांत लोक घरातले सगळे कागद माझ्या टेबलावर ओततात. कुणाचा पैसा कुठं फुगलाय, हे बऱ्याचदा त्यांच्या आधी मला दिसतं.

कागल भागातले एक निवृत्त शिक्षक. 2020च्या दिवाळीनंतर त्यांनी हाताशी आलेल्या वीस लाखांचे सरळ दोन भाग केले. दहा लाख शेअर्सच्या म्युच्युअल फंडात एकरकमी, दहा लाख बँकेच्या ठेवीत. पाच वर्षांत फंडाचे झाले बावीस लाख, ठेवीचे तेरा. म्हणजे निम्म्यानिम्म्याची वाटणी मोडून शेअर्सचा वाटा 63 टक्क्यांवर गेला, आणि तोही गुरुजींनी काहीही न करता. मी म्हटलं, साडेचार लाख काढून ठेवीत टाका, म्हणजे दोन्हीकडं साडेसतरा होतील. ते हसले. म्हणाले, "मॅडम, दूध देणारी म्हैस कोण विकतंय व्हय?"

म्हैस विकायला मी सांगितलंच नव्हतं. गोठा दोघींचा आणि दावणीला चार झाल्यात, एवढंच दाखवत होते.

गुरुजींचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. बाजार चढत असताना जो दरवर्षी थोडं थोडं काढत राहिला, त्याच्या हाती न काढणाऱ्यापेक्षा कमी रक्कम असते. रिबॅलन्सिंगनं, म्हणजे वाटणी पुन्हा ठरलेल्या प्रमाणात आणल्यानं, परतावा वाढतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. ते करायचं ते पडझडीत झोप लागावी म्हणून. 20 जानेवारी 2020ला सेन्सेक्स 42 हजारांच्या वर जाऊन आला होता. 23 मार्चला तो एका दिवसात 13 टक्के पडला आणि 26 हजारांच्याही खाली बंद झाला. दोन महिन्यांत 38 टक्के गेले. त्या आठवड्यात जयसिंगपूरपासून गारगोटीपर्यंतचे फोन येत होते आणि प्रश्न एकच होता: सगळं काढू का? ठरलेली वाटणी सांभाळायची तर त्या दिवसांत ठेव मोडून शेअर्स घ्यायला हवे होते. तसं विचारणारा एकही फोन आला नाही. म्हणून निर्णय शांत डोक्यानं आधी लिहून ठेवावा लागतो. त्या क्षणी कुणाचंच डोकं चालत नाही.

बेंजामिन ग्रॅहम यांनी 1949 साली सामान्य गुंतवणूकदारासाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात शेअर्सचा वाटा 25 टक्क्यांच्या खाली आणि 75च्या वर जाऊ देऊ नका, असं सांगितलं आहे. साठीच्या माणसाला ही मोकळीक मला फार वाटते. माझा नियम असा: वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात कागद काढायचे. ठरवलेल्या वाट्यापासून दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तरच हात लावायचा, नाहीतर पुन्हा कपाटात. अपवाद एकच. घरची गरज बदलली, मुलीचा प्रवेश किंवा ऑपरेशन दोनतीन वर्षांवर आलं, तर तेवढा पैसा तारखेची वाट न बघता बाजारातून बाहेर काढायचा.

महिना कुठला? आमच्या जिल्ह्यात उसाचं बिल येतं तो. कायद्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते किती मिळतात, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण हा नवा पैसा कमी पडलेल्या बाजूला टाकला, तर विकावं कमी लागतं. निम्म्यानिम्म्याच्या वाटणीत ठेवीत घातलेल्या प्रत्येक नव्या लाखामागं शेअर्सची विक्री पन्नास हजारांनी घटते, आणि नव्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नसतो.

उरलेलं विकायचं तेही हिशेबानं. गुरुजींच्या साडेचार लाखांत नफा सुमारे 2 लाख 45 हजारांचा. शेअर्सच्या फंडातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढं साडेबारा टक्के. सगळं एकदम विकलं, तर उपकर धरून 15,600 रुपये जातील. तेच निम्मं मार्चमध्ये आणि निम्मं एप्रिलमध्ये विकलं, तर दोन वेगळी आर्थिक वर्षं लागतात, दरवेळचा नफा सव्वा लाखाच्या आत राहतो आणि या विक्रीवर कर शून्य. मधल्या काळात बाजार हलला तर आकडे थोडे सरकतील, एवढंच. हे ऐकल्यावर गुरुजींनी म्हशीचा विषय सोडला.

काय मोजायचं, यावरून घरोघरी वाद होतो. उजळाईवाडीचा प्लॉट वाटणीत धरू नका. त्यातला चौथा हिस्सा मोडून एफडी करता येत नाही. सासूबाईंचा कोल्हापुरी साज आणि ठुशीही नको. 2025मध्ये तोळ्यानं लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा गुजरीतल्या सराफांचे भाव ऐकून अनेकांनी आपण श्रीमंत झाल्याचं मला सांगितलं. एकानंही ठुशी विकली नाही. सोन्याचे फंड मात्र जरूर धरा. सरकारी सुवर्णरोखे थेट विक्रीच्या वेळी घेतले असतील, तर मुदतीपर्यंत थांबा, तो नफा करमुक्त आहे.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. बाजारातून जपून काढलेला पैसा लोक एक टक्का जास्त व्याजासाठी एकाच पतसंस्थेत टाकतात. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. जोखीम कमी करायला निघालेल्यानं ती फक्त पत्ता बदलून घरात ठेवली, असा त्याचा अर्थ.

तेव्हा वहीच्या एका पानावर आपली वाटणी, महिना आणि दहा टक्क्यांची मर्यादा लिहा, आणि नवराबायको दोघांनी खाली सही करा. यंदा मार्चमधला हप्ता विकायचा असेल, तर पंधरा तारखेच्या आत कागद घेऊन आपल्या सल्लागाराकडं जा. तीस तारखेला आमच्या दारात रांग लावू नका.