परत फिरण्याचे धाडस

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर एक विषय हमखास निघतो : यंदा डिसेंबरात हिमालय! राजहंसगड, कलानिधीगड, पारगड पालथे घातलेल्या मित्रांना केदारकंठाचे बर्फ खुणावू लागते. ही ओढ चांगलीच आहे. तिला नावे ठेवण्यासाठी हा लेख नव्हे. परंतु तिकिटे, बूट, जर्किन यांची चर्चा तासन् तास चालते आणि ‘हिमस्खलन’ हा शब्द मात्र कोणाच्या तोंडी येत नाही, ही गोष्ट मला खटकते.

सह्याद्रीतला धोका बहुधा डोळ्यांना दिसतो. निसरडा कातळ दिसतो, खोल दरी दिसते. बर्फाचे तसे नाही. ते थरावर थर साचत जाते. त्यांतला एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो आणि त्यावर नव्या हिमवृष्टीचा किंवा वाऱ्याने वाहून आणलेल्या बर्फाचा जड पत्रा बसतो. वरून सारे शुभ्र, शांत, सुंदर! माणसाचा भार पडला की खालचा थर ढासळतो आणि अख्खा पत्रा सुटून घसरतो. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक. म्हणजे जे उतार आपल्याला ‘जमण्यासारखे’ वाटतात, नेमके तेच! हौशी भटक्यांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा ही घसरण त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलानेच सुरू होते.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. तेव्हा मदत खालच्या गावातून येऊन उपयोग नाही. जवळचा सोबती, त्याच्या हातातले फावडे, चाचपणीची लांब काठी आणि प्रत्येकाच्या अंगावरचे संदेशयंत्र, एवढाच काय तो आधार.

येथे कोणी हणमंतप्पांचे उदाहरण देईल. धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये नऊ सहकाऱ्यांसह गाडले गेले आणि सहा दिवसांनी जिवंत सापडले. आपल्या या भागातील मराठी-कन्नड घराघरांतून त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. ११ फेब्रुवारीला ते गेले. तो चमत्कार होता, नियम नव्हे. शिवाय ते तेथे हुकुमाने उभे होते, देशासाठी. आपण जातो ते हौसेने. त्यांना मागे फिरण्याची मुभा नव्हती. आपल्याला ती आहे. ती न वापरणे याला शौर्य कसे म्हणावे?

‘आमच्याबरोबर अनुभवी माणसे असतात,’ असेही म्हटले जाते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का दांडा शिखरावर प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मिळून २९ जण हिमस्खलनात बळी पडले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट सर करून आलेल्या सविता कंसवालही होत्या. अनुभव हवाच, पण बर्फ कोणाचे प्रशस्तिपत्रक वाचत नाही.

मग करावे काय? चंडीगडची संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्ता-कामगारांच्या छावणीवर बर्फ कोसळून ८ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या संध्याकाळीच चमोली जिल्ह्यासाठी असा इशारा निघाला होता. इशारा निघणे आणि तो माणसाच्या पावलांपर्यंत पोचणे, यांत एवढे अंतर आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जिमखान्याने हिमालय सहलीचे परवानगीपत्र देण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न लेखी विचारावेत. रोजचा इशारा कोण पाहणार? वाटेत तीव्र उतार कोठे आहेत? शोधाचे साहित्य आहे काय आणि त्याचा सराव झाला आहे काय? ताजी हिमवृष्टी झाली, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज झाला किंवा बर्फाला तडे गेले, तर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा? आणि सहलीत एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे ‘पैसे भरलेत, शिखर गाठलेच पाहिजे’ हा हट्ट उरणार नाही.

मित्रहो, शिखरावरचे छायाचित्र नसले तरी चालेल. ते शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असेल. ते पाहायला आपण असलो पाहिजे.