टाके पडले, पण बोट वाकत नाही

कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगरच्या गल्ल्यांमध्ये चप्पल करणारा कारागीर डाव्या हाताने चामडे दाबून धरतो आणि उजव्या हाताने रापी चालवतो. रापी घसरली की ती जाते डाव्या हाताच्या बोटांवर. जखम दिसायला लहान असते, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. हळद दाबली जाते, फडके गुंडाळले जाते, रक्त थांबते. जखम फारच उघडी वाटली तर जवळच्या दवाखान्यात दोन टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात आणि मग लक्षात येते, की बोटाचे शेवटचे पेर वाकतच नाही.

‘शीर तुटली’ असे घरात म्हटले जाते. बोलीतला हा शब्द सोयीचा आहे, पण इथे तो घात करतो. त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मावतात. रक्तवाहिनी तुटली तर रक्त दिसते. ते थांबले की संकट टळले असे वाटते. चेतातंतू तुटला तर बोटाचे टोक बधिर होते, पण धावपळीत ते कुणाला जाणवत नाही. तिसरी कंडरा, म्हणजे डॉक्टर जिला टेंडन म्हणतात ती स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. त्यामुळे कंडरा तुटली की तिचे एक टोक तळहाताकडे ओढले जाते. वरची कातडी कितीही छान शिवली तरी आतली दोरी तुटलेलीच राहते.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. टाके घालण्यापूर्वी बोटाचे मधले पेर धरून शेवटचे पेर वाकवायला सांगायचे आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो का, हे विचारायचे. एका मिनिटाची ही तपासणी गर्दीच्या दवाखान्यात राहून जाते. जोडणी पहिल्या काही दिवसांत झाली तर सर्वांत चांगली. महिना-दोन महिने गेले, की कंडरा आखडते, तिची नळी आक्रसते आणि मग दुसरीकडची कंडरा काढून बसवण्याची वेळ येऊ शकते, कधी दोन टप्प्यांत.

तरीही खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर सुरू होतो. तळहाताच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. इथली जोडणी इतकी वेळा फसत असे, की शल्यविशारद या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत आणि तिथे लगेच शिवायचे टाळत. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी तिथेही लगेच जोडणी करून, बोटाला रबर बँड लावून, ते सुरुवातीपासून हलवत ठेवण्याची पद्धत पुढे आणली. त्यामागचे कारण साधे आहे. जोडलेली कंडरा अजिबात हलवली नाही तर आजूबाजूला चिकटते आणि जोर लावला तर तुटते. म्हणून साधारण सहा आठवडे स्प्लिंट, पहिल्या आठवड्यापासून ठरावीक व्यायाम आणि जवळपास तीन महिने जड पकड बंद.

तीन महिने! जोडीमागे मजुरी मिळणाऱ्या माणसाला हे सांगणे सोपे आहे, पाळणे अवघड. तळ शिवायला चामड्याची वादी दोन्ही हातांनी ताणावी लागते. सणाच्या तोंडावर ऑर्डर आली, की चौथ्या आठवड्यात स्प्लिंट खुंटीला टांगला जातो. मग ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे. पेशंटला कळत नाही असे नाही, पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला कामावर इजा झाली तर राज्य कामगार विमा योजनेतून, काम करता येत नाही तोवर, सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. घरात बसून तेच काम करणारा त्या योजनेबाहेर आहे. वर्षाला २० रुपये हप्त्याच्या सुरक्षा बीमा योजनेत एक हात पूर्ण निकामी झाला तर १ लाख रुपये आहेत. ताठ राहिलेले एक बोट त्यात बसत नाही. २०२३ साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना चर्मकारांना हत्यारांसाठी १५ हजार रुपये देते. हत्यार धरणाऱ्या हाताचा विचार कुठेच नाही.

हातमोजे घाला, असा सल्लाही दिला जातो. रापीने कापताना डाव्या हातात न कापला जाणारा मोजा चालू शकेल, आणि वापरून पाहायला हरकत नाही. पण आरीने शिवताना, वेणी घालताना बोटांच्या टोकांनाच सारे कळावे लागते. वेणीचे काम बहुतेक घरांत बायका करतात. त्यांच्यासाठी बधिर टोक हे ताठ पेराइतकेच मोठे नुकसान. चेतातंतू जोडला तरी तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, आणि आधीसारखी जाण पुरती येतेच असे नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. मानांकनाच्या नावाखाली प्रदर्शने भरतात, तशी नोंदणीकृत कारागिराला हाताच्या शस्त्रक्रियेनंतर बारा आठवड्यांची मजुरी देणारी छोटी तरतूदही या महामंडळांना करता येईल. पैसे व्यायामाच्या हजेरीशी जोडावेत, म्हणजे स्प्लिंट हातावर राहील आणि माणूस फिजिओथेरपीला येईल. आणि तिथे त्याला मऊ चेंडू दाबायला देण्याबरोबर, शेवटच्या आठवड्यांत, स्वतःची आरी आणि चामड्याचा तुकडा घेऊन यायला सांगावे. बोट कामाला तयार झाले की नाही, ते त्या तुकड्यावर दिसेल.