उपकार कुणाचे मानायचे?

कोल्हापूरकरांनी इटलीच्या प्राडा कंपनीचे उपकार मानावेत, असे एका विद्वान गृहस्थांचे म्हणणे आहे. जून 2025 मध्ये तिच्या मिलानच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल झळकली म्हणून ती जगाला कळली. गरीब देशाने श्रीमंत देशाच्या बाजारात मिळेल त्या पायरीवर मुकाट्याने उभे राहावे, आधुनिकता मागून आपोआप येते. हक्काबिक्काची भाषा करणारे कोत्या मनाचे. झाले यांचे अर्थशास्त्र.

आपोआप? या गावात आपोआप काय आले, ते तरी सांगा! 1895 ची शाहूपुरी पेठ आणि 1906 ची शाहू मिल कुणा परदेशी कंपनीच्या मेहेरबानीने उभी राहिली नाही. उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी विलायती इंजिने खोलून, मापे घेऊन तशीच ओतली, तेव्हाही ‘देशी माल टिकायचा नाही’ म्हणणारे होतेच. इंजिने टिकली. म्हणणारेही टिकले, हे दुर्दैव.

तुम्ही इंजिनाची नक्कल केलीत, मग प्राडाने चपलेची केली तर बिघडले कुठे, असे गृहस्थ विचारतील. जरूर विचारावे. नकलेला ना नाही, पण नियम दोघांना एकच हवा. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातले 22 वे कलम सगळ्या मालाच्या भौगोलिक नावांना बेताचे संरक्षण देते. 23 वे कलम मात्र भक्कम आहे, आणि ते फक्त वाइन व मद्यासाठी! दुसरीकडच्या वाइनवर ‘शॅम्पेनसारखी’ असे लिहायचीही सोय नाही. हेच कवच इतर मालालाही द्या, असे भारत वर्षानुवर्षे म्हणतो आहे. दाद लागत नाही. पार्माच्या हॅमला युरोपात 1996 पासून संरक्षण आहे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी तसा युरोपव्यापी कायदा लागू व्हायला डिसेंबर 2025 उजाडला. आपल्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. ते नाव राखते, घाट राखत नाही. प्राडाने कोल्हापूरचे नावच घेतले नाही, नुसते चामडी सँडल म्हटले. म्हणजे नाव घेतले असते तर गुन्हा, गिळले तर कायदेशीर! प्राडाविरुद्धची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिकाही जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली.

आणि प्राडाचा डिसेंबर 2025 चा करार? दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी झालेला, 2,000 जोडांचा, जोडी सुमारे 800 युरोंची? तो करार गृहस्थ मोठ्या दिमाखाने फडकवतात. पण क्रम पाहा. आधी गाव बोंबलले, मग प्रेरणा भारतीय असल्याची कबुली आली, मग कंपनीची माणसे कोल्हापुरात आली, आणि त्यानंतर करार. उपकार मानत बसलो असतो, तर यातले काय झाले असते?

रोजगाराचे म्हणाल, तर 2,000 जोडांत किती घरे आधुनिक होतात, तो हिशेब त्यांनीच मांडावा.

मग करायचे काय? युरोपच्या नव्या कायद्याखाली दोन्ही महामंडळांनी चपलेच्या नोंदणीची खटपट करावी. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कातड्याची चणचण वाढली, तिच्यावर सरकारने तोंड उघडावे. हे पाप इटलीच्या माथी मारता येणार नाही. आणि बाभळीच्या सालीत, हिरड्यात कातडे कमावणाऱ्याच्या, सुभाषनगरात वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात त्या 800 युरोंतले किती पडणार, तो आकडा करारात लिहून जाहीर करावा. तो जाहीर झाला की उपकारांचे बघू.