सभेला भाषण हवे, तसा वगही हवा



मराठी नाटकाचा इतिहास सांगलीपासून सांगतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केले, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण शेतकऱ्याचे नाटक दरबारात जन्मले नाही.

खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव. ग्रहांची भीती घालून जोशी कुणब्याला कसा नागवतो, हे त्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटकात मांडले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले.

पुढे सत्यशोधकांनी गावचा तमाशाच हाती धरला. डफ-तुणतुणे तेच, सोंगाड्या तोच. वगात मात्र सावकाराची वही उघडू लागली. असे जलसे सातारा जिल्ह्यात गावोगाव झाले. तेव्हा आजच्या सांगलीचाही बराच भाग त्याच जिल्ह्यात होता. याच मातीत १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि शाहीर शंकरराव निकमांच्या पोवाड्यांनी माणसे जागी केली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे घरच्या तमाशात घडले. मुंबईत १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले.

आज आपण मेळाव्याला गर्दी जमवायला ऑर्केस्ट्रा आणतो. मालदांडीचे बी घरात राखता येते, संकरित कापसाचे पाकीट दरवर्षी विकत घ्यावे लागते. करमणुकीचेही आपण तसेच करून ठेवले आहे.

आणि एक कडू गोष्ट. ही कला मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनी जगवली. गावाने त्यांना शाबासकी दिली, पंगतीत पान दिले नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊंचे नाव घ्यायचे आणि आपल्या गावचा हलगीवाला सभेच्या कडेला उभा ठेवायचा, हे आम्हाला मंजूर नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. दर तालुक्याने अर्ध्या तासाचा एक वग बसवावा. विषय शोधायला नको. एक क्विंटल कापूस घ्या. बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, वेचणी, अडत, हमाली, तोलाई यांचा जमाखर्च मांडा. शेवटी सोंगाड्याने एवढेच विचारावे : "पाटील, घरी काय नेलंत?" दोन तासांच्या भाषणाने जी मायमाऊली सभेला येत नाही, ती या हिशेबाला येईल. कलावंताला ठरलेली बिदागी द्या आणि बसायला व्यासपीठावर जागा द्या.

भाव मागणाऱ्यांनी आधी दुसऱ्याच्या घामाचा भाव चुकता करावा.